आचाऱ्याची पेटी आणि गावचं कुलूपबंद कपाट

रशियातल्या व्होल्गा नदीवरच्या एका आगबोटीवर १८८० च्या सुमारास बारा वर्षांचा एक पोरका मुलगा भांडी घासत होता. वडील लहानपणीच गेलेले, मग आईही गेली, आणि आजोबांनी ‘आता कमावून खा’ म्हणून घराबाहेर काढलेलं. त्या बोटीवर स्मूरी नावाचा आचारी होता. पूर्वी लष्करात नोकरी केलेला, आडदांड, तोंडाचा फटकळ. त्याच्याजवळ पुस्तकांची एक पेटी होती. काम उरकलं की तो या मुलाला समोर बसवायचा आणि त्यातलं काहीबाही मोठ्यानं वाचायला लावायचा. पेटीत बरंवाईट सगळं एकत्र कोंबलेलं होतं. तरी आजोबांच्या घरातल्या मारझोडीपलीकडे माणसं वेगळ्या तऱ्हेनं जगतात, वेगळा विचार करतात, हे त्या मुलाला तिथे उमगलं. तो मुलगा म्हणजे पुढे नावाजलेला रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की. वाचनाची गोडी आपल्याला या आचाऱ्यानं लावली, हे त्यानं पुढे स्वतः नोंदवून ठेवलं आहे.

अशी हकीकत सांगताना आपण बहुधा मुलाच्या जिद्दीवर येऊन थांबतो. मला त्या पेटीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. बोटीशिवाय गॉर्की नकाशे काढणाऱ्या एका आरेखकाच्या घरीही राबत होता. तिथे त्याच्या हातात पुस्तक दिसलं की शिव्या ठरलेल्या. मेणबत्ती किती जळली याचं माप मालकीण काडीनं घेऊन ठेवायची. मग हा मुलगा शमादानांवर ओघळलेली चरबी खरवडून सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यात जमवायचा, त्यात दिव्याचं थोडं तेल घालायचा, दोऱ्याची वात वळायचा आणि त्या धुरकट उजेडात डोळे फोडायचा. मुलगा दोन्हीकडे तोच, वाचायची ओढही तीच. बोटीवर पेटी उघडी होती आणि ती उघडणारा मोठा माणूस शेजारी होता, एवढाच काय तो फरक. मुलाच्या अंगी किती जिद्द असावी हे कुठल्याही सरकारला ठरवता येत नाही. पेटी पोचवणं मात्र कुठल्याही ग्रामपंचायतीला जमतं.

आपल्याकडे गॉर्कीशी ज्यांचं नाव हमखास जोडलं जातं ते अण्णा भाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० ला सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात जन्म. शाळा दीड दिवसाची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला घरच्यांबरोबर वाटेगाव ते मुंबई हे तीनशेहून अधिक किलोमीटरचं अंतर ते पायी आले, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स बघत त्यांनी वाचन पक्कं केलं. पुढचं शिक्षण कामगार चळवळीत झालं. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात. दर १ ऑगस्टला आपल्या भाषणांत दीड दिवसाच्या शाळेचा उल्लेख मोठ्या अभिमानानं होतो. अण्णा भाऊंचा अभिमान असायलाच हवा. पण दीड दिवसाची शाळा ही त्यांची कमाई नव्हे, तो त्यांच्यावर झालेला अन्याय होता. रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्या लागल्या, कारण वाचण्यासाठी दुसरं काही त्यांच्यापुढे कोणी ठेवलं नव्हतं. हालअपेष्टांचं कौतुक करता करता आपण हाल चालू ठेवायला मान्यता देतो, आणि हे थांबायला हवं.

आणखी दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू अल्जिरियातल्या अल्जिअर्सच्या गरीब वस्तीत वाढला. वडील १९१४ मध्ये महायुद्धात मारले गेले, आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, घर आजीच्या धाकात. पोरानं लवकर कामाला लागावं असं आजीचं म्हणणं. लुई जेर्मां या प्राथमिक शिक्षकानं तिची समजूत घातली आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर त्याला पैसे न घेता शिकवलं. १९५७ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आईनंतर पहिली आठवण तुमचीच झाली, असं काम्यूनं या मास्तरांना लिहिलं. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारे शाळकरी भीमराव आंबेडकर हे कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या नजरेस पडले. केळुसकर स्वतः शिक्षक आणि ग्रंथकार. ते त्यांना पुस्तकं देऊ लागले. १९०७ मध्ये मॅट्रिकनंतरच्या सत्कारात त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्दही टाकला. घरी वडील रामजी होतेच, मुलासाठी पुस्तक आणायला मुलींचे दागिने गहाण टाकणारे.

म्हणजे एक आचारी, एक मास्तर, बागेत फिरायला आलेला एक ग्रंथकार. प्रत्येक ठिकाणी एक मोठा माणूस योगायोगानं भेटला आणि त्याच्याकडे देण्यासारखं पुस्तक होतं. ज्यांना असं कोणी भेटलं नाही त्यांचीही संख्या आहेच, पण त्यांचं चरित्र कोणी लिहिलेलं नसल्यामुळे ती आपल्या हिशेबात येत नाही. ज्यांना भेटलं त्यांच्या यशावरून ‘ज्याला वाचायचं तो कसंही वाचतोच’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. खेड्यातल्या मुलाची बाहेरच्या जगाशी गाठ घालून देणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे, आणि ती आपण आज धडपणे पार पाडत नाही, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

हे काम व्यवस्था म्हणून करता येतं हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे, तेही नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्यात जन्मलेल्या राजाकडून. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. वाचायला शिकलेल्या मुलानं पुढे वाचायचं काय, हा प्रश्न त्यांना लगेच दिसला. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बोलावून घेतलं. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली झाली आणि खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली. गावच्या ग्रंथालयासाठी सूत्र सरळ होतं: गावानं जेवढी रक्कम उभी केली तेवढीच प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं. स्मूरीची पेटी नशिबाच्या हातून काढून राज्याच्या अंदाजपत्रकात घालणं म्हणजे हेच.

आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याआधी १९४८ मध्ये मद्रास प्रांतानं, १९६५ मध्ये कर्नाटकानं (तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं) कायदा केला; दोन्हीकडे मालमत्तेवरच्या करासोबत ग्रंथालय उपकर बसवला गेला. केरळनंही पुढे तोच मार्ग धरला. आपल्या कायद्यात उपकर नाही. त्यामुळे राज्यातली अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालयं दरवर्षी सरकारी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून असतात. गावपातळीवरची बरीचशी ग्रंथालयं ‘ड’, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात खालच्या वर्गातली. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाल्यावर या वर्गाचं वार्षिक अनुदान ४८ हजारांवर गेलं, म्हणजे महिन्याला ४ हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं, बांधणी आणि पुस्तक खरेदी. एवढ्या मानधनावर काम करणारा माणूस दुसरा उद्योग सांभाळून संध्याकाळी दोन तास दार उघडतो, यात त्याचा दोष नाही. उपकराचा मुद्दा म्हणूनच पुन्हा पटलावर आला पाहिजे. पण उपकर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचंही कारण नाही, कारण मुलांच्या वाटेतले बरेच अडथळे पैशाचे नाहीतच.

कुठल्याही लहान ग्रंथालयात जाऊन बघा. पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ग्रंथपालाकडे. मुलानं नाव सांगायचं, मग पुस्तक काढून मिळणार. पण दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकाचं नाव माहीत नसतं. माहीत असतं तर तो त्या जगाच्या अर्ध्या वाटेवर आलेलाच असता. त्याला हात लावून, चित्र बघून, दोन पानं चाळून, नको वाटलं तर परत ठेवून निवडावं लागतं. कुलूपबंद कपाट त्याच्यासाठी भिंतच आहे. दुसरा अडथळा अनामत रकमेचा. शंभर-दोनशे रुपये अनामत आणि वर महिन्याची वर्गणी, ही रक्कम मजुराच्या घरात मुलाच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी निघत नाही. तिसरा वेळेचा. संध्याकाळी सहा ते आठ दार उघडं, टेबलाभोवती वर्तमानपत्र वाचणारे पुरुष. बारा वर्षांची मुलगी तिथे येत नाही. आलीच तर दारातून परत जाते. ग्रंथालयात मुली का दिसत नाहीत याचं उत्तर मुलींच्या आवडीनिवडीत शोधू नये, दारावरच्या वेळापत्रकात शोधावं.

आणि चौथा अडथळा म्हणजे भीती. दाखल नोंदवहीत नोंदलेलं प्रत्येक पुस्तक तपासणीच्या वेळी दाखवावं लागतं. हरवलं तर प्रश्न ग्रंथपालाला. म्हणून पुस्तक न देणं हेच त्याला सुरक्षित वाटतं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानलं आहे. त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर ती नियमानुसार निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येतात. म्हणजे पुस्तकं वापरली की काही हरवतात, हे दिल्लीच्या अर्थखात्याला मान्य आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी माझ्या मते हे प्रमाण आणखी सैल हवं. पातळ, पिना मारलेली चित्रपुस्तकं सतत हाताळली तर दोन वर्षांत झिजतातच. वर्षाला साठ्याचा दहावा हिस्सा बाद होईल असं धरूनच खरेदी ठरवावी. कार्यकारिणीनं तसा ठराव आधीच करून ठेवला की ग्रंथपालाच्या मानेवरची टांगती तलवार जाते आणि किल्ली खुंटीवरून खाली येते.

आता प्रत्यक्ष मांडणी. सुरुवातीला ३०० पुस्तकं पुरेशी आहेत, साठेक मुलांना ती वर्षभर आरामात फिरतात. मराठी बालपुस्तकांच्या किमती बघता सरासरी ६० रुपये धरले तर १८ हजार. मांडणीची उंची चार फुटांपेक्षा जास्त नको. वरच्या कप्प्यापर्यंत तिसरीतल्या मुलाचा हात पोचला पाहिजे. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर, कारण फरशीची ओल आधी तिथे चढते. मांडणी भिंतीला चिकटवू नये, मध्ये सहा इंच जागा सोडावी. वाळवी भिंतीतून येते आणि ती दिसेपर्यंत खालची रांग गेलेली असते. एक कप्पा तरी असा हवा की जिथे पुस्तकं कणा (बांधणीची कड) बाहेर करून उभी न ठेवता मुखपृष्ठ समोर करून ठेवता येतील. पातळ पुस्तकाला कणाच नसतो. उभं ठेवलं की ते दोन जाड पुस्तकांमध्ये दिसेनासं होतं आणि वर्षभर कोणी उचलत नाही. दर आठवड्याला या कप्प्यावरची पंधरा-वीस पुस्तकं बदलायची. एवढ्या एका गोष्टीनं देवघेव किती बदलते ते कुणीही करून बघावं.

वर्गीकरणाचे आकडे मुलांच्या कपाटावर नकोत. कण्याला किंवा मागच्या कोपऱ्याला रंगीत पट्टी पुरते: लाल म्हणजे नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी मोठ्या अक्षरातलं, पिवळं म्हणजे गोष्टी, हिरवं म्हणजे प्राणी-झाडं-यंत्रं-देश अशा माहितीचं, निळं म्हणजे चरित्रं आणि लांबलचक गोष्टी. देवघेवीसाठी साधी वही: तारीख, पुस्तकाचा क्रमांक, मुलाचं नाव, परत आल्याची खूण. नाव मुलानं स्वतः लिहायचं. एका वेळी दोन पुस्तकं, मुदत दहा दिवस, दंड नाही. दंड लावला की उशीर झालेलं मूल पुस्तक परत करायलाही येत नाही. पुस्तक जातं आणि वाचकही जातो.

दुरुस्तीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावतात. वर्षभरात ती पिवळी पडते, तिचा गोंद बाहेर येतो आणि शेजारची पानं चिकटतात. त्याऐवजी पतंगाच्या पातळ पांढऱ्या कागदाची अर्धा इंच पट्टी पांढऱ्या डिंकानं लावावी, वर मेणकागद ठेवून रात्रभर वजनाखाली दाबावं. जुने बांधणीकार खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी असतं, आणि लहान मुलं बोट तोंडात घालून पान उलटतात. त्यांच्या पुस्तकांना ती खळ वापरू नये. पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुस्तकं दाटीनं भरू नयेत, प्रत्येक कप्प्यात चार बोटं जागा मोकळी राहू द्यावी. उन्हाचा दिवस मिळाला की सावलीत, वाऱ्यावर, उघडी करून ठेवावीत. कडक उन्हात ठेवली तर रंग उडतो आणि गोंद ठिसूळ होऊन पानं सुटतात.

पुस्तकं कुठली, हा खरा प्रश्न. मार्चअखेरीला अनुदान खर्ची टाकायचं म्हणून ठोक सवलतीत जे गठ्ठे येतात त्यात त्याच त्या बोधकथा, तीच थोर पुरुषांची सोळा पानी चरित्रं आणि चुटक्यांची पुस्तकं असतात. अशा ३०० पुस्तकांतून मुलाला जग दिसत नाही. ३०० पैकी निदान ६० पुस्तकं दुसऱ्या देशांतल्या, दुसऱ्या राज्यांतल्या मुलांच्या आयुष्याची हवीत; आणि तितकीच अशी, ज्यांत त्याला स्वतःचं गाव, स्वतःच्या घरासारखं घर, आपल्या बोलीतले शब्द सापडतील. नुसतं परकं जग दाखवलं तर मूल त्यापुढे दबतं, नुसतं ओळखीचं दाखवलं तर तिथेच थांबतं. सोव्हिएत संघाच्या काळात रशियन चित्रपुस्तकं मराठीत छापून फार स्वस्तात इथे येत होती. जाड कागद, सुंदर चित्रं, बर्फातली घरं, अस्वलं, तांबूस गालांच्या आज्या. त्यामागे राजकारण होतं हे खरंच. पण महाराष्ट्रातल्या एका पिढीतल्या कितीतरी मुलांना परदेश पहिल्यांदा दिसला तो त्या पुस्तकांतून, आणि १९९१ नंतर हा झरा आटला तेव्हा त्याच्या जागी तितक्या स्वस्त किमतीत दुसरं काही आलं नाही. ही जबाबदारी बालभारतीनं आणि राज्य मराठी विकास संस्थेनं घ्यायला हवी: दरवर्षी जगभरातली २५ बालपुस्तकं चांगल्या मराठीत, ५० रुपयांच्या आत, प्रत्येक मान्यताप्राप्त ग्रंथालयात एकेक प्रत. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव उभं राहिलं, २५ ठिकाणी १५ हजार पुस्तकं ठेवली गेली, हे स्तुत्यच आहे. तिथे पुस्तकं घराघरांत उघड्यावर ठेवली तरी काही आकाश कोसळलं नाही, हा धडा मला पर्यटनापेक्षा मोठा वाटतो.

मोठ्यानं वाचणं हा स्मूरीच्या पद्धतीचा गाभा होता. आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्याबरोबर वीस मिनिटं. मुलं अर्धवर्तुळात बसलेली, पुस्तक त्यांच्याकडे वळवलेलं, वाचणारा सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी असली तरी चालतं. एकच पथ्य: शेवटी ‘यातून काय बोध घ्यावा’ हे विचारायचं नाही. तो प्रश्न आला की मुलांना कळतं, हाही तासच आहे. शेजारच्या भिंतीवर जगाचा आणि भारताचा नकाशा लावावा, त्याचा मध्य जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. नकाशे नेहमी प्रौढांच्या डोळ्यांच्या पातळीला टांगलेले असतात. मुलांना त्यात अंटार्क्टिकाच तेवढं नीट दिसतं. पुस्तकातलं गाव नकाशावर बोटानं शोधता आलं पाहिजे.

सगळ्यात मागे राहिलेली मुलं म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरच्या गावांतून कोयते निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, मुलं कारखान्याच्या पालांवर राहतात. वाटेगावहून निघालेल्या कुटुंबाचीच ही आजची आवृत्ती आहे. या मुलांसाठी ग्रंथालयाच्या इमारतीचा उपयोग नाही, पेटीच लागते. चोवीस-बत्तीस पानी ४० पुस्तकं पाच-सहा किलोंची होतात. पत्र्याच्या पेटीसकट दहा-बारा किलोंच्या आत. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराबरोबर सहज जाते. पेटीत एक वही, दोन पेन्सिली, एक घडीचा नकाशा, आणि झाकणाच्या आतून पुस्तकांची यादी चिकटवलेली. ताबा पालावरच्या वाचता येणाऱ्या सगळ्यात मोठ्या मुलीकडे द्यावा. मुकादमाकडे दिली तर पेटी बंदच राहते. महिन्यातून एकदा कारखान्यावरच्या दुसऱ्या टोळीच्या पेटीशी अदलाबदल केली की पाच पेट्यांत हंगामभर २०० पुस्तकं फिरतात. पेटी निघते त्या गावाच्या ग्रंथालयानं आणि कारखान्याच्या गावच्या ग्रंथालयानं मिळून ही जबाबदारी घ्यायची. चिखल, पाचटाची आग, गळकी पालं यांत काही पुस्तकं जाणारच. ती गेलेली पुस्तकं खर्चात धरावीत.

आता नेहमीचा आक्षेप: मोबाइल आहे, मग पुस्तकाची पेटी कशाला? मोबाइलचा मी विरोधक नाही. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक जालावर मोफत आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आणि छापायला परवानगीसकट आहेत. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर शेकडो पुस्तकं आहेत. ग्रंथालयानं हे सगळं वापरावं. सोळा पानी गोष्ट ए-फोर कागदावर पाठपोट छापली तर चार कागद लागतात, एका बाजूला दोन रुपये धरले तर १६ रुपये. मधोमध दुमडून घडीवर तीन भोकं पाडून सुई-दोऱ्यानं शिवायची. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात. पण ‘मोबाइल आहे’ म्हणजे मुलाच्या हाती जग आहे, हे खरं नाही. फोन बहुतेक घरांत वडिलांचा असतो आणि ते कामावरून येतील तेव्हा घरी येतो. शिवाय काल जे पाहिलं त्याच्याच जातीचं तो आज समोर आणतो. क्रिकेट बघणाऱ्या मुलाला क्रिकेट. उघड्या कप्प्यात क्रिकेटच्या पुस्तकाला लागून ध्रुवीय अस्वलाचं पुस्तक असतं आणि त्यावर नजर पडायला कुणाची शिफारस लागत नाही.

दुसरा आक्षेप: शाळेत ग्रंथालय आहेच की. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय बंधनकारक आहे, गोष्टींच्या पुस्तकांसकट. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पण शाळेची पुस्तकं उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे मुलांना सगळ्यात जास्त वेळ असतो तेव्हाच, कुलपात जातात. आणि शाळा सोडलेल्या मुलांचं काय? गावचं ग्रंथालय आणि शाळा यांनी साठा एकत्र करावा. मेच्या पहिल्या आठवड्यात शाळेची पुस्तकं वहीत नोंदवून ग्रंथालयात हलवायची, शाळा उघडली की परत. मुख्याध्यापक आणि ग्रंथपाल दोघांनी सह्या केल्या की काम झालं.

हे सगळं वरून आदेश येण्याची वाट न बघता ग्रामसभेत ठरावानं करता येतं. स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे; तो कुठे जातो हे ग्रामसभेत विचारता येतं, आणि त्यातून मुलांच्या पुस्तकांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम मागता येते. ठरावात एवढं असावं: चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना अनामत आणि वर्गणी माफ, शाळा सुटल्यावर एक तास आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा ग्रंथालय फक्त मुलांसाठी, बालविभागाची मांडणी उघडी, साठ्याच्या दहा टक्क्यांपर्यंतची झीज आणि गहाळ पुस्तकं कार्यकारिणीनं वर्षअखेरीस निर्लेखित करावीत, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी दिवाळीपूर्वी पेट्या तयार. मुलांच्या तासाला थांबणाऱ्या व्यक्तीचं मानधन वेगळं लिहावं, नाहीतर तो तास महिनाभरात बंद पडतो; गावातल्या पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या एखाद्या मुलीला ते काम दिलं तर लहान मुली न बोलावता येतील. ठरावाची एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, आणि तिसरी ग्रंथालयाच्या दारावर, मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावावी.